चिप विकलीत, आता तिच्याशी बोलायचं कसं तेही सांगा

प्रति,
प्रोसेसर, जीपीयू, एनपीयू आणि एफपीजीए बनवणाऱ्या सर्व कंपन्या,
तसंच बंगळूर, हैदराबाद, नोएडा आणि पुण्यातल्या डिझाइन केंद्रांत काम करणारे माझे व्यवसायबंधू आणि भगिनी

स. न. वि. वि.

मी कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीत आमचं पाच जणांचं छोटं युनिट आहे. फाउंड्रीतून बाहेर पडणाऱ्या कास्टिंगची कॅमेऱ्यानं तपासणी करणारी यंत्रं आम्ही बनवतो. ब्रेक ड्रम, पंपाची बॉडी, फ्लायव्हील असे नग शॉट ब्लास्टिंग होऊन आले की पूर्वी ट्यूबलाइटखाली बसून माणसं एकेक नग हातानं फिरवून बघायची. ब्लो होल (हवेचं भोक) आहे का, कोल्ड शट (धातू नीट न जुळलेली रेघ) आहे का, केसाएवढी क्रॅक आहे का. माझ्या वडिलांनी बावीस वर्षं हेच काम केलं. पाळीच्या शेवटच्या दोन तासांत डोळ्यांसमोर नुसतं करडं दिसतं, असं ते सांगायचे. त्या दोन तासांत निसटलेला एखादा नग गिऱ्हाइकाकडून परत आला की पूर्ण लॉटचा खुलासा त्यांनाच द्यावा लागायचा. हे यंत्र मी त्यांच्यासाठी बनवायला घेतलं होतं. ते उभं राहीपर्यंत वडील रिटायर झाले, पण आज अकरा फाउंड्रींमध्ये आमचे ४३ बोर्ड चालू आहेत.

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी एका कंपनीचा ईमेल आला. आमच्या बोर्डावरची चिप आता ‘लेगसी’ यादीत गेली आहे, तिच्या एनपीयूची, म्हणजे एआयचं गणित करणाऱ्या भागाची, टूल्स यापुढे अपडेट होणार नाहीत. मी उलट टपाली विचारलं, मग ड्रायव्हरचा, म्हणजे तो भाग चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, सोर्स (मूळ कोड) द्याल का? धोरणात बसत नाही. रजिस्टरचं, म्हणजे चिपला हुकूम द्यायच्या आतल्या कप्प्यांचं, मॅन्युअल तरी? त्यासाठी गोपनीयतेचा करार, आणि करारासाठी किमान खरेदीचा एक आकडा. तो आकडा आमच्या दहा वर्षांच्या खरेदीपेक्षा मोठा आहे. शेवटच्या ओळीत सल्ला होता: नवी चिप घ्या.

कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. याआधी दोन वेगळ्या कंपन्यांच्या चिपवर काम करताना मला जवळजवळ हीच उत्तरं मिळाली आहेत, म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे. ते उघडपणे लिहितोय कारण शिरोलीत, चाकणला, सातपूरला, कोइम्बतूरला आमच्यासारखी कितीतरी युनिट्स आहेत आणि प्रत्येकाला वाटतं की अडचण आपल्यालाच आली.

आधी थोडं मागे जातो. १९९७ साली मी सांगलीत इंजिनिअरिंगला होतो तेव्हा लॅबमध्ये ८०८५ ची किट होती. हिरवा बोर्ड, हेक्स कीपॅड, लाल आकड्यांचा सेव्हन सेगमेंट डिस्प्ले. इंटेलनं ही चिप १९७६ मध्ये काढली होती. आमच्या हाती आली तेव्हा ती वीस वर्षांची म्हातारी होती, पण तिच्याबद्दल आमच्यापासून काहीही लपवलेलं नव्हतं. कुठल्या इन्स्ट्रक्शनला किती टी-स्टेट, म्हणजे चिपच्या घड्याळाचे किती ठोके, लागतात याचा तक्ता प्रत्येकाच्या वहीला चिकटवलेला असायचा. आकडा एकनं कमी करणाऱ्या डीसीआरला ४. जेएनझेडनं उडी मारली तर १०, नाही मारली तर ७. किटवर ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, आत त्याचा निम्मा होतो. म्हणजे उडीचा एक फेरा १४ टी-स्टेटचा, सुमारे साडेचार मायक्रोसेकंदांचा. त्यावरून वहीत हिशेब मांडून एका सेकंदाचा डिले लिहायचा आणि एलईडी साठ वेळा लागेपर्यंत घड्याळाकडे बघत बसायचं. माझा काटा पहिल्यांदा बरोबर फिरून आला तो दिवस मला आजही आठवतो. कागदावर मांडलेलं आणि यंत्रात घडलेलं एकच होतं. माझा पेशा त्या दिवशी ठरला.

आजच्या चिप ८०८५ इतक्या साध्या असाव्यात असं मी म्हणणार नाही. २००५ च्या सुमारास प्रोसेसरच्या घड्याळाचा वेग ४ गिगाहर्ट्झच्या आसपास अडला. ट्रान्झिस्टर लहान होत होते, पण त्या प्रमाणात व्होल्टेज उतरेना आणि चिप तापू लागली. मग तुम्ही एकाचे अनेक कोअर केले, एकदम अनेक आकड्यांवर गणित करणारी व्हेक्टर युनिट रुंद केली, जीपीयूला खेळांपलीकडचं गणित करू दिलं आणि आता प्रत्येक चिपमध्ये एनपीयू घालताय. भौतिकशास्त्रानं तुम्हाला दुसरी वाट ठेवली नव्हती हे मला समजतं. पण त्या वळणावर एक मोठं ओझं तुमच्या टेबलावरून आमच्या टेबलावर आलं. त्याआधी नवी चिप बसवली की जुना प्रोग्रॅम आपोआप जोरात धावायचा. आता तो धावावा म्हणून आम्ही काम कोअरमध्ये वाटायचं, डेटा कॅशमध्ये, म्हणजे चिपच्या आतल्या छोट्या जलद मेमरीत, मावेल असा कापायचा, कुठला भाग कुठल्या युनिटकडे जाईल ते ठरवायचं.

हे ओझं किती आहे ते एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये मोजून दाखवलं. ४०९६ बाय ४०९६ च्या दोन मॅट्रिक्सचा गुणाकार, १८ कोअरच्या मशीनवर. सरळ पायथॉनमध्ये लिहिला तर सुमारे सात तास. तोच सीमध्ये लिहिला तर नऊ मिनिटं. मग सगळे कोअर कामाला लावले, मॅट्रिक्सचे तुकडे पाडले, व्हेक्टर इन्स्ट्रक्शन वापरल्या, आणि वेळ आला ०.४१ सेकंदावर. मशीन तेच, गणित तेच, फरक ६०,००० पटींहून जास्त. पायथॉनकडून सीकडे येणारी ४७ पट कुठलाही बरा विद्यार्थी मिळवेल. उरलेली तेराशे पट मिळवायला चिपच्या पोटात काय आहे हे माहीत असावं लागतं. डीरॅमपर्यंतच्या, म्हणजे चिपबाहेरच्या मुख्य मेमरीपर्यंतच्या, एका फेरीत कोअरची काही शे सायकल वाया जातात. हे ठाऊक नसलेल्या माणसाला आपला प्रोग्रॅम का रेंगाळतो हे कधीच कळणार नाही.

साध्या प्रोसेसरच्या बाबतीत ही माहिती मिळते, हे मान्य करायलाच हवं. इंटेलचं प्रोग्रॅमरसाठीचं मॅन्युअल ५,००० पानांच्या वर आहे, आर्मचं १०,००० च्या. दोन्ही कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. पानं फार आहेत म्हणून मी कधी कुरकुर केली नाही, शोधलं की सापडतं. माझ्या तक्रारी आहेत त्या जिथे एकही पान नाही तिथल्या.

पहिली तक्रार हीच. एनपीयूबरोबर तुम्ही आम्हाला काय देता? जाहिरातीत एक आकडा, सेकंदाला इतके लाख कोटी ऑपरेशन. आणि एक कन्व्हर्टर. त्याला आमचं मॉडेल द्यायचं, तो एक फाइल देतो. त्या फाइलमध्ये काय आहे, एनपीयूला कुठल्या इन्स्ट्रक्शन कळतात, आतली मेमरी किती, डेटा कुठल्या क्रमानं हलतो, यातलं काही सांगितलं जात नाही. आमच्या मॉडेलचे आकडे आठ बिटांत बसवताना ते राउंड कसे होतात एवढंही नाही. ही बाब किरकोळ वाटेल, म्हणून आमच्याकडे काय झालं ते सांगतो. पंपाच्या बॉडीवरच्या एका बारीक क्रॅकचा फोटो तुमच्या सिम्युलेटरवर तपासला तर क्रॅक असण्याचा गुण ०.७१ यायचा. त्याच फोटोला बोर्डावर ०.४८. आमची मर्यादा ०.६ होती. म्हणजे ऑफिसात पकडलेली क्रॅक फाउंड्रीत निसटत होती. आम्ही सपोर्टला चार वेळा लिहिलं. ‘मॉडेल पुन्हा कॅलिब्रेट करा’ यापलीकडे उत्तर आलं नाही. शेवटी हजारो बनावट इनपुट बोर्डात घालून, उत्तरं कागदावर मांडून, राउंडिंगचा नियम आम्ही स्वतः शोधला. मॅन्युअलमधल्या दोन ओळींचं काम होतं. आमच्या दोन इंजिनिअरांचे सात आठवडे गेले.

जगभरात अनेक माणसं हेच करत आली आहेत. एनव्हिडियाच्या कार्डांसाठीचा नूव्हो ड्रायव्हर असाच चाचपडत लिहिला गेला. २०१५ मध्ये आइसस्टॉर्म प्रकल्पातल्या लोकांनी लॅटिस कंपनीच्या आइस-४० या एफपीजीएची (आतली जोडणी नंतर बदलता येणारी चिप) बिटस्ट्रीम, म्हणजे ती जोडणी ठरवणारी फाइल, बिटागणिक उलगडली. त्यानंतर आतला एकेक भाग मोकळ्या टूल्सनी प्रोग्रॅम करता येऊ लागला आणि विद्यार्थ्यांना साध्या लॅपटॉपवर एफपीजीए शिकता आला. २०२४ मध्ये मेसा या मोकळे ग्राफिक्स ड्रायव्हर लिहिणाऱ्या प्रकल्पात एका एनपीयूसाठी मोकळा ड्रायव्हर आला, तोही रिव्हर्स इंजिनिअरिंग करून. या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण विचार करा, तुमच्या सर्व्हरवर एका फोल्डरमध्ये पीडीएफ होऊन पडलेली माहिती शोधायला या माणसांनी आयुष्यातली वर्षं घातली.

दुसरी तक्रार गप्प बसणाऱ्या टूल्सची. आमच्या कन्व्हेयरवर दर दीड सेकंदाला एक नग येतो, त्याचे ८ फोटो निघतात. एका फोटोला १८ मिलिसेकंद लागतील असं आमच्या पहिल्या चाचणीत आलं होतं, म्हणजे नगाला १४४ मिलिसेकंद. भरपूर सवड. मग आम्ही मॉडेलमध्ये एक छोटी सुधारणा केली. कन्व्हर्टरनं ती निमूट स्वीकारली, कसलीही सूचना नाही, एरर नाही. बोर्डावर घातलं तर एका फोटोला २१० मिलिसेकंद. आठ फोटोंचे १,६८० झाले, आणि नग तर १,५०० मध्ये पुढे सरकतो. प्रत्यक्ष फाउंड्रीत, पाळी चालू असताना, नग न तपासता पुढे जाऊ लागले. तिथल्या सुपरवायझरनं मला फोन करून विचारलं, “साहेब, मशीन दमलं काय?” तीन आठवडे आम्ही एकेक लेअर काढून बघत होतो. अखेर कळलं की नव्या मॉडेलमधलं एक ॲक्टिव्हेशन फंक्शन एनपीयूला येतच नव्हतं. प्रत्येक वेळी डेटा तिथून उचलून मुख्य प्रोसेसरकडे जायचा, तिथे ते गणित व्हायचं आणि डेटा परत यायचा. आम्ही ते फंक्शन बदललं, मॉडेल पुन्हा शिकवलं, काम झालं. पण कन्व्हर्टरला हे पहिल्या मिनिटाला माहीत होतं. ‘हा लेअर एनपीयूवर चालणार नाही, प्रोसेसरवर जाईल’ एवढं एक वाक्य छापायला त्याला काय लागलं असतं?

हार्डवेअर सोपं करा असं आम्ही म्हणतो तेव्हा पुष्कळदा एवढंच म्हणायचं असतं. यंत्र गुंतागुंतीचं असू दे, पण त्यानं खरं सांगावं.

तिसरी तक्रार, आणि ईमेल आल्यापासून माझी झोप याच गोष्टीनं उडाली आहे. तुमचा ड्रायव्हर बंद डब्यात येतो आणि लिनक्सच्या एकाच जुन्या कर्नलला (गाभ्याला) जखडलेला असतो. लिनक्सच्या आतली रचना सतत बदलत असते. ड्रायव्हर मुख्य कर्नलच्या सोर्समध्ये असेल तर रचना बदलणारा माणूसच ड्रायव्हरही दुरुस्त करतो, तशी तिथली रीतच आहे. डब्यातला ड्रायव्हर मात्र जिथे होता तिथेच राहतो. आमच्या फाउंड्री गाड्यांच्या कंपन्यांना माल देतात. त्या कंपन्यांचे ऑडिटर आता विचारतात, नेटवर्कवर असलेल्या या यंत्राला सिक्युरिटी पॅच कधी दिला? मी कर्नल बदलला तर एनपीयू मरतो, नाही बदलला तर ऑडिटमध्ये शेरा येतो. बोर्डात काही बिघाड नाही. चिप पुढची दहा वर्षं चालेल इतकी ठणठणीत आहे. ४३ बोर्ड भंगारात घालायचे, ते केवळ एक फाइल कुणी दाखवायला तयार नाही म्हणून.

चौथी तक्रार थोडक्यात, कारण ती सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्यात प्रत्येकाची बोली वेगळी. ओपनसीएलची पहिली आवृत्ती २००८ च्या डिसेंबरात आली, सगळ्यांसाठी एक भाषा म्हणून. ज्या ॲपलनं ती पुढे आणली त्याच ॲपलनं २०१८ मध्ये त्यातून अंग काढलं. एनव्हिडियाचं क्यूडा, एएमडीचं आरओसीएम, इंटेलचं वनएपीआय. ॲपलच्या न्यूरल इंजिनपर्यंत तर ॲपलच्याच लायब्ररी सोडून अधिकृत वाटच नाही. दिलेलं काढूनही घेतलं जातं. इंटेलनं एव्हीएक्स-५१२ या व्हेक्टर इन्स्ट्रक्शन वर्षानुवर्षं शिकवल्या, लोकांनी त्यासाठी कोड लिहिला, आणि २०२१ च्या बाराव्या पिढीच्या डेस्कटॉप चिपमध्ये मोठ्या कोअरमध्ये ती युनिट असूनही बंद केली, कारण शेजारच्या लहान कोअरमध्ये ती नव्हती. त्या निर्णयामागचं तांत्रिक कारण मला पटतं. पण मग मोठे आणि लहान कोअर एकाच चिपवर मांडताना प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा विचार किती झाला होता?

यावर तुमच्या लोकांकडून मला नेहमी तीन उत्तरं मिळतात. एक, मॅन्युअल उघड केलं तर स्पर्धक नक्कल करतील. रजिस्टरच्या यादीवरून चिप बनवता येत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ज्या स्पर्धकाला नक्कल करायची आहे त्याच्याकडे चिप उघडून मायक्रोस्कोपखाली घालणारी लॅब असते. मॅन्युअल दडवल्यानं अडतो तो फक्त आमच्यासारखा. एएमडीनं २००७ मध्ये आपल्या जीपीयूची कागदपत्रं उघड करायला सुरुवात केली, आज त्यांच्या जीपीयूच्या इन्स्ट्रक्शन सेटची मॅन्युअल कुणीही वाचू शकतो. त्यामुळे एएमडी बुडाली नाही. उलट त्या पायावर बाहेरच्या लोकांनी लिहिलेल्या मेसाच्या ड्रायव्हरवर २०२२ मध्ये आलेला स्टीम डेक हा हातात धरायचा गेमचा कन्सोल चालतो.

दुसरं उत्तर, सामान्य ग्राहकाला हे लागत नाही, त्याला तयार लायब्ररी पुरते. पुरते, जोवर त्याचं काम लायब्ररी लिहिणाऱ्याच्या कल्पनेत बसतं तोवर. ब्रॉडकॉमनं २०१४ मध्ये रास्पबेरी पायमधल्या ग्राफिक्स युनिटची कागदपत्रं खुली केली तेव्हाही कुणी म्हणू शकलं असतं की हे वाचणार कोण. नंतर रास्पबेरी पायच्याच घराण्यातून २०२१ मध्ये आरपी२०४० ही मायक्रोकंट्रोलर चिप आली. मी ती कामात रोज वापरतो. तिच्या पिनांवर सिग्नल हलवणाऱ्या पीआयओ या भागाला फक्त ९ इन्स्ट्रक्शन येतात, एका ब्लॉकमध्ये ३२ इन्स्ट्रक्शनची जागा, बस्स. पण तिची डेटाशीट अशी लिहिली आहे की वाचताना कुणीतरी शेजारी बसून समजावतंय असं वाटतं. प्रत्येक ठिकाणी चालणारं उदाहरण, कुठली इन्स्ट्रक्शन किती सायकल घेते ते स्पष्ट. आमच्याकडे आलेल्या डिप्लोमाच्या मुलीनं तिसऱ्या दिवशी जुन्या एन्कोडरसाठी स्वतःचा प्रोटोकॉल पीआयओवर लिहिला. ८०८५ च्या किटवर मला जे मिळालं होतं ते मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं. चिप बनवताना प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला समोर बसवलं की असं होतं.

तिसरं उत्तर, यातून पैसे सुटत नाहीत. या उत्तराला तुमच्याच धंद्याचा इतिहास बोलतो. २००७ च्या आधी जीपीयूवर भौतिकशास्त्राचं गणित करायचं तर आकड्यांना चित्राचं सोंग द्यावं लागे, टेक्स्चर आणि त्रिकोण म्हणून. एनव्हिडियानं त्या वर्षी क्यूडा आणलं आणि ते खेळ खेळायच्या साध्या जीफोर्स कार्डांवरही चालू दिलं. होस्टेलच्या खोलीत बसलेला मुलगा सुपरकॉम्प्युटरची तंत्रं शिकू शकला. क्यूडा बंदिस्त आहे, ते दुसऱ्या कुणाच्या चिपवर अधिकृतपणे नेता येत नाही, आणि याबद्दल माझी तक्रार कायम आहे. पण प्रोग्रॅम करणं सोपं केल्यानं काय मिळतं हे विचारायचं असेल तर त्यांच्याकडे बघा. आणि न केल्यानं काय होतं यासाठी सेल प्रोसेसर बघा. २००६ चा प्लेस्टेशन ३. एक मुख्य कोअर, भोवती लहान जोरकस कोअर, प्रत्येकाला फक्त २५६ किलोबाइटची स्वतःची मेमरी आणि डेटा आत-बाहेर नेण्याचं सगळं काम प्रोग्रॅमरच्या डोक्यावर. ताकद अफाट होती, पण ती बाहेर काढताना गेम लिहिणारे मेटाकुटीला आले. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ मध्ये सोनी साध्या एक्स-८६ कोअरवर आली.

पुण्यातली एक आठवण यात सांगितली पाहिजे. १९८८ मध्ये तिथे सी-डॅक सुरू झालं, आणि १९९१ मध्ये डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० उभा राहिला. त्यात ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचे टी८०० ट्रान्सप्युटर होते. प्रत्येक ट्रान्सप्युटरला शेजाऱ्यांशी बोलायला चार लिंक. त्या चिपबरोबरच तिची भाषा घडवली होती, ऑकम. दोन कामं एकाच वेळी करायची तर ‘पार’ लिहायचं, एकामागून एक करायची तर ‘सेक’. चॅनेलवर पाठवायला उद्गारचिन्ह, घ्यायला प्रश्नचिन्ह. अनेक प्रोसेसर एकत्र चालवण्याचं अवघड काम भाषेत उतरवलं होतं आणि त्या भाषेला लागणारी यंत्रणा चिपमध्ये. ट्रान्सप्युटर बाजारात टिकला नाही हे खरं. पण नव्यानं सुरू झालेल्या एका संस्थेतल्या इंजिनिअरांना तीन वर्षांत सुपरकॉम्प्युटर उभा करता आला, त्यात या गोष्टीचा मोठा वाटा होता असं मी मानतो. चिप आणि तिची भाषा एकाच टेबलावर घडू शकतात, हे चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी करून दाखवलं आहे.

म्हणून माझ्या मागण्या.

चिप ज्या दिवशी विक्रीला येईल त्या दिवशी तिचं प्रोग्रॅमरसाठीचं मॅन्युअल, इन्स्ट्रक्शन, रजिस्टर, आतली मेमरी, राउंडिंगचे नियम, प्रत्येक क्रियेला लागणारा वेळ, हे सगळं करार न करता, खरेदीच्या अटीशिवाय, तुमच्या संकेतस्थळावर असलं पाहिजे. एनपीयूही याला अपवाद नको.

ड्रायव्हर मुख्य लिनक्समध्ये द्या, कंपाइलरचा, म्हणजे कोड चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमचा, भाग एलएलव्हीएममध्ये. २००० साली इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेला हा प्रकल्प आज सी, सी++, रस्ट, स्विफ्ट, ज्युलिया अशा कितीतरी भाषांच्या पोटात आहे. एकदा तिथे काम केलंत की या सगळ्या भाषा तुमच्या चिपपर्यंत पोचतात.

तुमच्या टूल्सनी लपवू नये. कुठलं काम कुठल्या युनिटवर गेलं, डेटा किती वेळा हलला, थांबावं कुठे लागलं, हे छापलं गेलं पाहिजे. जे जमत नाही ते कन्व्हर्टरनं तोंडावर नाकारावं.

एकदा दिलेली सोय काढायची असेल तर आधी सांगा, किमान दोन पिढ्या.

आणि सपोर्ट थांबवाल त्या दिवशी ड्रायव्हर आणि कन्व्हर्टरचा सोर्स मोकळा करा. ज्या वस्तूतून तुम्हाला आता काही मिळवायचं नाही ती आम्हाला चालू ठेवू द्या.

एक विनंती दिल्लीत इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयालाही. डिझाइन लिंक्ड इन्सेंटिव्ह योजनेत चिपच्या डिझाइनचा निम्मा खर्च, एका अर्जाला १५ कोटी रुपयांपर्यंत, परत द्यायची तरतूद सरकारनं केली. ते योग्यच आहे. आयआयटी मद्रासचा शक्ती, सी-डॅकचा वेगा, २०२२ मध्ये सुरू झालेला डीआयआर-व्ही कार्यक्रम, हे सगळं रिस्क-व्ही या खुल्या इन्स्ट्रक्शन सेटवर उभं राहतंय याचा मला अभिमान वाटतो. पण इन्स्ट्रक्शन सेट खुला असला तरी भोवतीची युनिट आणि ॲक्सिलरेटर बंद राहू शकतात. जनतेच्या पैशातून बनलेल्या प्रत्येक चिपचं पूर्ण मॅन्युअल जनतेला वाचायला मिळेल, अशी अट योजनेत घाला. पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये पुढच्या वीस वर्षांची किट त्याच चिपवर बनायला हवीत.

आणि डिझाइन केंद्रातल्या मित्रांनो, तुमच्यातले कित्येक जण सांगली, औरंगाबाद, नागपूर, पणजीच्या कॉलेजांत त्याच हिरव्या किटवर शिकलेले आहेत. पुढच्या चिपची बैठक होईल तेव्हा मॅन्युअल कुणाला दाखवायचं हा विषय निघेल. त्या वेळी बोला. बाहेरून आम्ही लिहिलेलं पत्र कितपत पोचेल ते माहीत नाही, पण खोलीत बसलेल्या माणसाचा आवाज पोचतो.

आमच्या चिपच्या कंपनीला शेवटचं एवढंच. ४३ बोर्ड आजही चालू आहेत, आत्ता हे लिहितानाही कुठल्यातरी पाळीत त्यांच्याखालून नग जात असतील. ड्रायव्हरचा सोर्स जसा असेल तसा द्या, कॉमेंट नसल्या तरी चालेल, अर्धवट असला तरी चालेल. नव्या कर्नलवर तो आणायचं काम आम्ही पाच जण करू, चाचणी करू, आणि केलेली प्रत्येक दुरुस्ती सगळ्यांसाठी उघडी ठेवू. तुमच्या उत्तराची मी वाट बघतोय.

आपला,
एक एम्बेडेड इंजिनिअर
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर